कर्नल अपडेटनंतर ४ टीबीची डिस्क बूटच होईना (माझा अनुभव)

पंचवटीत मामांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या जुन्या पीसीत मीच ४ टीबीची डिस्क टाकून लिनक्स बसवलं होतं, आठ महिने मस्त चाललं. ऐन लग्नसराईत कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाला आणि सकाळी ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेनूनंतर एरर, 'अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी झिरो', म्हणजे डिस्कच्या हद्दीबाहेरचं वाचायचा प्रयत्न. मामांचा फोन, "अरे, तीन लग्नांचे फोटो आहेत यात!" सातपूरहून तसाच निघालो.

मला आधी डिस्कच गेली असं वाटलं, पण ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडला तर सरळ चालू! म्हणजे डिस्क ठणठणीत. सगळ्यात आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घेतले, मगच पुढे हात लावला.

झालं असं की जुन्या बायोसला (पीसी चालू होताना आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ३२ बिटचाच सेक्टर नंबर (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा क्रमांक) कळतो, ५१२ बाइटच्या सेक्टरने हिशोब केला तर २ टीबीच्या पुढचं त्याला दिसतच नाही, आणि ग्रब वाचायला बायोसचीच मदत घेतो. रूट पार्टिशन (डिस्कचा जो भाग लिनक्स आणि त्याच्या फाइल्स ठेवतो) जवळपास अख्ख्या डिस्कभर पसरलेलं, डिस्क भरत गेली आणि नवा कर्नल नेमका त्या हद्दीपलीकडे जाऊन पडला.

डिस्कच्या सुरुवातीला ८ जीबीचं स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) होतं, लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) ते उडवून तिथे १ जीबीचं वेगळं बूट पार्टिशन केलं, जुन्या बूट फोल्डरमधलं सगळं त्यात कॉपी केलं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) नवा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) टाकला आणि स्वॅपची ओळ काढली. मग सीएचरूट करून (म्हणजे लाइव्ह यूएसबीतूनच डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब इन्स्टॉल आणि अपडेट ग्रब या कमांड चालवल्या. जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) डिस्कवर बायोसमधून ग्रब चालवायला बायोस बूटचं १ एमबीचं पार्टिशन लागतं, ते मात्र आधीपासून होतं, त्याला अजिबात हात लावू नका.

संध्याकाळी नवा कर्नल पहिल्या फटक्यात उठला.