वहीऐवजी वाळू

लेक पहिलीत. दुरेघी वही दिसली की हिचं पोट दुखायचं. ‘ळ’ दहादा लिही म्हटलं की रडारड. मीही ओरडायचे, खोटं कशाला सांगू!

एकदा मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत तिने काठीने हातभर मोठा ‘ळ’ काढला. न सांगता. मग रोज तेच. मोठ्या अक्षरात अख्खा हात फिरतो, बोटं आखडत नाहीत. वळण आपोआप बसतं. वेलांटीला शिंपले, अनुस्वाराला खडा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे वेळ बघून जावं लागायचं, एवढीच कटकट.

घरी आल्यावर पाटीवर मासळीचा फळा, आमच्या मालवणीत: ‘आज: बांगडो, सुंगटा (कोळंबी), तिसऱ्यो (शिंपल्या).’ आजी गिऱ्हाईक. ‘बांगडा’ असं मी सुधारणार होते, पण आजी म्हणाली, “ऱ्हवांदे गो, बरोबर लिवल्यान.” राहू दिलं. शाळेतलं शाळेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, समुद्रही खवळलेला. तेव्हा फळ्यावर सुके बांगडे आणि सुकट आले, आणि मुंबईच्या मामाला पोस्टकार्ड: ‘मामा, गणपतीक ये. पेढे हाड.’ (हाड म्हणजे आण.) त्यातला ‘ढ’ उलटा होता.