टर्मिनलवरून मायक्रोबिटवर कोड टाकताना या चुका टाळा

गेली काही वर्षं शनिवारी शाळेतल्या पोरांना मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारा हाताएवढा छोटा बोर्ड) शिकवतोय, आणि दर बॅचला त्याच चुका होतात. आम्ही टर्मिनलवरून दोनच कमांड वापरतो. एक यूफ्लॅश, जी आपली पायथनची फाइल मायक्रोपायथनसकट (बोर्डावर चालणारं छोटं पायथन) एका हेक्समधे, म्हणजे बोर्डाला समजणाऱ्या फाइलमधे, बांधून बोर्डावर टाकते. दुसरी यूएफएस, जी बोर्डाच्या आतल्या फाइली बघते, आणते, ठेवते. या दोघींतला फरक डोक्यात नसेल तर काय होतं ते आधी सांगतो, कारण ते मला अजून लागतं.

सातवीतल्या दोन मुलींनी वर्गातलं तापमान रात्रभर नोंदवायचं ठरवलं. दर दहा मिनिटांनी एक आकडा, बोर्डावरच्याच फाइलमधे. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर बोर्ड लावला, सकाळी बघितलं तर व्यवस्थित चालू होता, फक्त दिव्यांवरून आकडे फार भरभर सरकत होते. शेजारचा मुलगा म्हणाला मी स्पीड कमी करून देतो, आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने एक आकडा बदलून यूफ्लॅश मारलं. आकडे छान हळू सरकायला लागले. मग मुलींनी 'यूएफएस एलएस' (बोर्डावरच्या फाइलींची यादी) केलं तर एकही फाइल नाही. त्यातली एक तीच कमांड परत परत टाकत राहिली, पाच-सहा वेळा, आता तरी दिसेल म्हणून.

फ्लॅश केलं, म्हणजे यूफ्लॅशने कोड टाकला, की बोर्डाची मेमरी पुसली जाते आणि फाइलींसाठीची जी साधारण 30 केबी जागा असते ती पण त्यातच जाते. परत मिळत नाही. तेव्हापासून फळ्यावर कायम लिहिलेलं असतं : आधी एलएस, मग गेट (फाइल कॉम्प्युटरवर आणा), मग फ्लॅश. आणि दोन ओळी बदलायच्या असतील तर फ्लॅश करूच नका, 'यूएफएस पुट' ने नवीन फाइल टाका आणि बोर्डामागचं रीसेट बटण दाबा. फक्त नाव मेन डॉट पीवाय असंच पाहिजे. 'माझाप्रोग्राम डॉट पीवाय' टाकलात तर ती फाइल आत नुसती पडून राहते, चालू होत नाही, आणि मग पोरं म्हणतात सर बोर्ड बिघडला.

दुसरी चूक खास आपली, मराठीतून कॉमेंट लिहिणाऱ्यांची. पहिल्या पिढीच्या बोर्डावर जुनं यूफ्लॅश 8188 बाइटपेक्षा मोठी स्क्रिप्ट घेतच नव्हतं. एका मुलाचा प्रोग्राम जेमतेम दीडशे ओळींचा होता आणि यूफ्लॅश म्हणे फाइल मोठी आहे. आम्ही अर्धा तास कोड कापत बसलो. शेवटी लक्षात आलं की त्याने प्रत्येक ओळीवर सुंदर मराठीत कॉमेंट लिहिली होती. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन आणि काना-मात्रेला वेगळे तीन. 'माझा' एवढा शब्द 12 बाइट. मी त्याला मराठी सोडायला सांगितलं नाही, का सांगावं? लांब समजावणी वहीत लिही, कोडमधे दोन शब्द ठेव, एवढंच. कॉमेंट आपोआप काढून टाकणारा ऑप्शन यूफ्लॅशमधे आहे, पण नवशिक्यांना मी तो दाखवत नाही, आपल्या फाइलमधे जागा कशाने जाते ते आधी त्यांना स्वतः दिसू दे.

बाकीच्या पटापट. बोर्डावर दिवा लागतो पण कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे केबल फक्त चार्जिंगची आहे. बदला, कमांड दहादा मारून काही होणार नाही. ड्राइव्ह दिसतो पण नाव 'मेंटेनन्स' आहे, म्हणजे केबल लावताना बोट रीसेटवर होतं. काढा आणि बोट लांब ठेवून परत लावा. एका वेळी दोन बोर्ड लावू नका, कोड कुठल्या बोर्डावर जाईल ते कळत नाही.

मागचा पिवळा दिवा लुकलुकत असताना केबल ओढू नका. हे मी रोज सांगतो. टर्मिनलवर कमांड संपली म्हणजे बोर्डावर लिहून झालं असं नाही, दहा सेकंद थांबायला काय होतं?

एरर आली की ती बोर्डावर एकेक अक्षर सरकत जाते, त्यात ओळीचा नंबर पण असतो. पोरं पहिली तीन अक्षरं वाचतात आणि लगेच परत फ्लॅश करतात, तोच कोड, तीच एरर. तसं करू नका. 115200 च्या स्पीडने सीरियल (केबलवरून बोर्डाशी बोलायची खिडकी) उघडा, कंट्रोल-सी आणि मग कंट्रोल-डी दाबा, प्रोग्राम परत चालतो आणि अख्खी एरर स्क्रीनवर निवांत वाचता येते.

लिनक्सवर परमिशन डिनाइड आलं की सुडो (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणं) लावायची सवय तर मुळीच लावून घेऊ नका. उबंटूवर स्वतःला डायलआउट ग्रुपमधे (ज्यांना सीरियल वापरायची परवानगी असते त्यांच्यात) टाका आणि लॉगआउट करून परत आत या, लॉगआउट विसरलात तर काहीच बदललेलं दिसणार नाही.

आणि नव्या बोर्डावर रडका चेहरा आणि 927 आकडा आला तर बोर्ड परत करायला धावू नका. तो हेक्स जुन्या पिढीसाठी बनलाय, तुमचं यूफ्लॅश जुनं आहे. पिपने (पायथनचे प्रोग्राम बसवणारी कमांड) अपग्रेड करा आणि परत टाका.