इंग्लंडमध्ये घरखर्च भागत नसेल तर कौन्सिलकडे अर्ज करताना

अन्न, वीज, गॅस यांसाठी इंग्लंडमधली कौन्सिल (स्थानिक प्रशासन) अडचणीतल्या घरांना मदत देते. 2021 पासून ही मदत 'हाऊसहोल्ड सपोर्ट फंड'मधून मिळायची; 1 एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड' आला आहे. त्यामुळे जुन्या नावाचा फॉर्म दिसला तर तो भरत बसू नका.

पहिली चूक पत्त्यातच होते. काउंटी भागात दोन कौन्सिल असतात: कौन्सिल टॅक्सचं (घरावरच्या स्थानिक कराचं) बिल छोट्या भागाची डिस्ट्रिक्ट कौन्सिल पाठवते, पण हा निधी बहुधा मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलकडे असतो. सरकारी वेबसाइटवर पोस्टकोड टाकून आधी खात्री करा. नियम प्रत्येक कौन्सिलचे वेगळे. बेनिफिट (सरकारी भत्ता) मिळत नसेल तरी अर्ज करून बघा, नोकरी करणाऱ्यांनीही.

बँक स्टेटमेंट मागितलं तर मोबाइलचा स्क्रीनशॉट नको. नाव आणि सगळी पानं असलेली पीडीएफ द्या. गावी आईवडिलांना पाठवलेली रक्कम त्यात दिसणारच, तेव्हा ती कशासाठी हे एका ओळीत आपणच लिहा. 'खूप त्रास आहे' एवढ्यानं काम होत नाही. 'प्रीपे मीटरवर (आधी पैसे भरायच्या मीटरवर) 3 पौंड 40 पेन्स उरलेत, इमर्जन्सी क्रेडिट (मीटरवरची तात्पुरती उधारी) संपलंय, घरात दोन वर्षांचं मूल आहे' असं नेमकं लिहा. मदत व्हाउचरनं मिळाली तर ते बहुधा मेसेजवर किंवा ईमेलवर येतं आणि त्याला मुदत असते, म्हणून स्पॅमही तपासत राहा.

व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (ठरावीक सरकारी मदत घ्यायला मनाई) ही अट असेल तर मात्र थांबा. अर्जाआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेचा मोफत सल्ला घ्याच.