यादीत नसलेला मायक्रोकंट्रोलर चालता करताना

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी फर्मवेअरचे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरवर (एकाच चिपमधल्या छोट्या संगणकावर) चालणाऱ्या प्रोग्रॅमचे काम पाहतो. शेतीपंपांसाठी ऑटो स्टार्टर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर बनवणे हा आमचा व्यवसाय. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून आमच्याकडे इंटर्नशिपसाठी मुले-मुली येतात. त्यांना सी भाषा येते, आर्डुइनो बोर्डाची किंवा एसटीएम३२ या चिपकुळाची तयार लायब्ररीही त्यांनी वापरलेली असते; पण हातातल्या चिपचे नाव डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटच्या (प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या) यादीत नसेल, तर बहुतेकांचे काम तिथेच थांबते. २०२०-२१ च्या चिपटंचाईत नेहमीचा एसटीएम३२एफ१०३ वेळेवर मिळेना, पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतील ते पर्याय आणावे लागले, आणि तेव्हापासून यादीबाहेरच्या चिपसाठी सोय करणे हा आमच्या नित्याच्या कामाचा भाग झाला. नवख्याने हे काम कोणत्या क्रमाने करावे, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

‘डिव्हाइस सपोर्टेड नाही’ असा एकच संदेश पडद्यावर दिसतो, पण त्यामागे वेगवेगळी साधने असतात. कोड भाषांतरित करणारा कंपायलर, रजिस्टरांचे (चिपमधल्या छोट्या मेमरी-कप्प्यांचे) पत्ते सांगणाऱ्या हेडर फाइली, मुख्य प्रोग्रॅमआधी चालणारा स्टार्टअप कोड, मेमरीत काय कोठे बसवायचे ते सांगणारी लिंकर स्क्रिप्ट, फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) प्रोग्रॅम लिहिणारा लोडर, चालत्या चिपच्या आत डोकावू देणारा डिबगर आणि या सर्वांना एका खिडकीत आणणारे एन्व्हायर्नमेंट, यांपैकी प्रत्येकाला चिपविषयी थोडीथोडी माहिती लागते आणि प्रत्येकाची माहिती स्वतंत्र जागी साठवलेली असते. माझ्या मते अशा कामाचा निम्मा भाग म्हणजे यांतील नेमके कोण ही चिप ओळखत नाही हे शोधणे होय. ते न शोधता एन्व्हायर्नमेंटची एखादी फाइल उघडून जवळच्या चिपचे नाव बदलून पाहणारे विद्यार्थी दिवसभर गुंतून राहतात, कारण एका वेळी चार गोष्टी चुकलेल्या असतात आणि लक्षण मात्र एकच असते, एलईडी लागत नाही.

कंपायलरचा प्रश्न बहुधा वाटतो तेवढा मोठा नसतो. कॉर्टेक्स-एम गाभा (आज्ञा पाळणारा प्रोसेसर) असलेल्या चिपसाठी जीसीसी या कंपायलरला फक्त गाभा सांगावा लागतो. चिप कोणत्या कंपनीची आहे याच्याशी त्याचे देणेघेणे नसते, त्यामुळे कॉर्टेक्स-एम३ साठी बांधलेला कोड एसटीएम३२एफ१०३ आणि जीडी३२एफ१०३ या दोन्हींवर सारखाच चालतो. एव्हीआर या मायक्रोचिप कंपनीच्या चिपकुळाची गोष्ट वेगळी आहे. तेथे कंपायलरला चिपचे नावच द्यावे लागते, कारण स्टार्टअप आणि मेमरीची मापे त्या नावाला बांधलेली असतात. जीसीसीच्या ५ व्या आवृत्तीपासून ही माहिती प्रत्येक चिपच्या वेगळ्या स्पेक्स फाइलीत असते, आणि जुन्या कंपायलरला नवी चिप शिकवायची असेल तर मायक्रोचिपचा डिव्हाइस पॅक उतरवून त्यातील फोल्डरचा मार्ग कंपायलरला दिला की काम भागते. रिस्क-व्ही या तिसऱ्या प्रकारच्या गाभ्यामध्ये मात्र जपून राहावे. सीएच३२व्ही००३ या स्वस्त चिपचा गाभा आरव्ही३२ईसी प्रकारचा आहे, म्हणजे त्यात ३२ ऐवजी १६ च सामान्य रजिस्टरे आहेत. नेहमीच्या आरव्ही३२आय साठी बांधलेला कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि चिपवर गेल्यावर पहिल्याच अनोळखी रजिस्टरशी अडतो. याच चिपसाठी उत्पादकाने दिलेल्या उदाहरणांत इंटरप्टचे (चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याचे) जे विशेष ॲट्रिब्यूट दिसते, ते त्यांच्या बदललेल्या जीसीसीलाच कळते.

कागदपत्रांबाबत एक सूचना. नवखे विद्यार्थी डेटाशीट वाचतात आणि थांबतात. डेटाशीटमध्ये पिना, विद्युत मर्यादा आणि मेमरीचा आकार मिळतो. रजिस्टरांचा तपशील रेफरन्स मॅन्युअलमध्ये असतो, आणि सिलिकॉनमधील ज्ञात दोष इराटामध्ये असतात. तिन्ही कागद हाताशी आल्याखेरीज मी कोणालाही बोर्डला वीज जोडू देत नाही. उत्पादकाने एसव्हीडी फाइल (डिबगरसाठी रजिस्टरांच्या नावांची यादी) दिली असेल तर ती आधी उतरवून घ्यावी, कारण डिबगरमध्ये रजिस्टरे नावांनिशी दिसणे ही चैन नव्हे, गरज आहे.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात एन्व्हायर्नमेंटपासून न करता डिबगरपासून करावी. एसडब्ल्यूडी या डिबगरच्या जोडणीच्या दोन तारा, ग्राउंड आणि शक्य असल्यास रीसेटची तार जोडून ओपनओसीडी या डिबग करण्याच्या सॉफ्टवेअरने चिपशी नुसता संपर्क साधावा. इथे पहिली अडचण ओळखक्रमांकाची येते: एसटीएम३२एफ१०३ मध्ये डिबग पोर्टचा क्रमांक १बीए०१४७७ (हा आणि पुढचे पत्ते व किल्ल्या हेक्साडेसिमलमध्ये आहेत) असतो, तर त्याच धर्तीवरच्या काही चिप २बीए०१४७७ असे उत्तर देतात आणि ओपनओसीडी ‘अनपेक्षित आयडी’ म्हणून अडून बसते. कॉन्फिगरेशन फाइलीत अपेक्षित क्रमांक बदलता येतो, पण त्याआधी आपण नेमकी कोणती चिप विकत घेतली आहे याचा विचार करावा, कारण बाहेरच्या छपाईवर विश्वास ठेवण्याचे दिवस राहिलेले नाहीत. संपर्क झाला की माहीत असलेला एखादा पत्ता वाचून पाहावा. एफ१०३ मध्ये १एफएफएफएफ७ई० या पत्त्यावर फ्लॅशचा आकार किलोबाइटमध्ये लिहिलेला असतो. तो डेटाशीटशी जुळला, तर वायरिंग, वीज आणि डिबगर या तीन शंका एकदम मिटतात. संपर्कच होत नसेल, तर आधीच्या प्रोग्रॅमने एसडब्ल्यूडीच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या असण्याची शक्यता असते. तेव्हा रीसेट दाबून ठेवून जोडणी करावी. चिपवर वाचनबंदी असेल तर ती उठवताना या कुळात संपूर्ण फ्लॅश पुसली जाते, म्हणून ग्राहकाकडून आलेल्या बोर्डवर हा प्रयोग विचारल्याशिवाय करू नये.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती बहुतेक जण गाळतात. फ्लॅशला हात न लावता पहिला प्रोग्रॅम रॅममधून (वीज गेली की रिकामी होणाऱ्या मेमरीतून) चालवावा. रॅम बहुतेक कॉर्टेक्स-एम चिपांत २००००००० या पत्त्यापासून सुरू होते. त्या पत्त्याला लिंक केलेला आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम डिबगरने रॅममध्ये उतरवून, स्टॅक पॉइंटर (तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा पत्ता) आणि प्रोग्रॅम काउंटर (पुढच्या आज्ञेचा पत्ता) हाताने भरून तो चालू करता येतो, आणि इंटरप्ट हवे असतील तर कॉर्टेक्स-एम३ मध्ये व्हेक्टर टेबलचा (कोणत्या इंटरप्टला कोणता हँडलर, त्या तक्त्याचा) पत्ताही रॅमकडे वळवता येतो. या मार्गाने पिन हलली, तर कंपायलर आणि हेडर यांबद्दल शंका उरत नाही आणि पुढे काही बिघडले तर ते लिंकर स्क्रिप्टमध्ये, स्टार्टअपमध्ये किंवा फ्लॅश लोडरमध्येच आहे हे निश्चित होते. पिन न हलण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे त्या पोर्टचे क्लॉक चालू न करणे; रीसेटनंतर एसटीएम३२ वर्गातील बहुतेक पेरिफेरल (पोर्ट, टायमर असे गाभ्याबाहेरचे भाग) बंदच असतात.

लिंकर स्क्रिप्ट आणि स्टार्टअप कोड यांची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण दोन्ही मिळून दोन-तीन पानांचा मजकूर असतो. स्क्रिप्टमध्ये फ्लॅश आणि रॅम कोठून सुरू होतात व किती मोठ्या आहेत एवढे सांगून कोणता विभाग कोठे बसवायचा ते लिहायचे असते. एसटीएम३२एफ१०३सी८ मध्ये फ्लॅश ०८०००००० पासून ६४ केबी आणि रॅम २० केबी आहे, म्हणजे रॅमचा शेवट २०००५००० ला होतो. दुसऱ्या मोठ्या चिपची स्क्रिप्ट उचलून तिच्यातला रॅमचा आकार तसाच राहू दिला, तर स्टॅकचे टोक अस्तित्वात नसलेल्या मेमरीत जाते आणि पहिल्याच फंक्शनमध्ये स्टॅकवर काही ठेवताना फॉल्ट येतो. कंपायलर आणि लिंकर दोघेही याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. स्टार्टअपमध्ये व्हेक्टर टेबलचा पहिला शब्द स्टॅकचे टोक आणि दुसरा रीसेट हँडलरचा पत्ता असतो, व तो पत्ता थंब (कॉर्टेक्स-एमच्या आज्ञासंचाच्या) स्थितीची खूण म्हणून विषम असावा लागतो. रीसेट हँडलरने आरंभमूल्य असलेले चल फ्लॅशमधून रॅममध्ये आणायचे, उरलेले शून्य करायचे आणि मग मेनला बोलवायचे. पहिले १६ शब्द गाभ्याचे असल्यामुळे सर्व चिपांत सारखे असतात. त्यापुढचा इंटरप्टचा क्रम मात्र चिपनुसार बदलतो. तो मॅन्युअलमधील तक्त्याशी ओळीने ताडून पाहावा, कारण एक ओळ सरकली तर यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट भलत्याच हँडलरला जातो. लिंक झाल्यावर मॅप फाइल (काय कोणत्या पत्त्यावर बसले त्याची यादी) उघडून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

फ्लॅश लोडर हा खरोखर कष्टाचा भाग आहे. डिबगर प्रत्येक शब्द बाहेरून लिहीत बसला तर फार वेळ लागतो, म्हणून तो एक छोटा प्रोग्रॅम रॅममध्ये टाकतो आणि तोच आतून फ्लॅश पुसतो व लिहितो. केईल या एन्व्हायर्नमेंटच्या पॅकमध्ये हा प्रोग्रॅम वेगळ्या फाइलीत असतो, ओपनओसीडीमध्ये तो त्या कुळाच्या ड्रायव्हरमध्ये असतो. एफ१०३ मध्ये ४५६७०१२३ आणि सीडीईएफ८९एबी या दोन किल्ल्या क्रमाने लिहिल्यावर कुलूप उघडते, पुसणे पानापानाने होते आणि लिहिणे १६ बिटांनी. पर्यायी चिपचा फ्लॅश कंट्रोलर याच पद्धतीचा असेल तर असलेला ड्रायव्हर चालून जातो; नसेल तर पानाचा आकार, किल्ल्या आणि व्यग्रतेचा बिट या गोष्टी मॅन्युअलमधून काढून ड्रायव्हर लिहावा लागतो. पुसलेली फ्लॅश नेहमी सर्व एक दाखवते असेही धरून चालू नये, एसटीएम३२एल० आणि एल१ मध्ये ती शून्य दाखवते. लिहिल्यानंतर परत वाचून मूळ फाइलीशी पडताळणी केल्याखेरीज लोडर तयार झाला असे मी मानत नाही.

क्लॉक सर्वांत शेवटी. एफ१०३ रीसेटनंतर आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालतो. सगळे स्थिर होईपर्यंत तो तसाच ठेवावा. जीडी३२एफ१०३ हा १०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि रिकाम्या लूपवर मोजलेले डिले त्यावर बदलतात, म्हणून रिले किंवा कॉन्टॅक्टरच्या वेळा टायमरवरच घ्याव्यात.

यानंतर एन्व्हायर्नमेंटच्या यादीत नाव घालणे ही तासाभराची कारकुनी उरते. प्लॅटफॉर्मआयओ या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रकल्पाच्या बोर्ड्स फोल्डरमध्ये एक जेसन फाइल ठेवून तीत गाभा, क्लॉक, फ्लॅश व रॅमचा आकार आणि अपलोडची पद्धत लिहावी. आर्डुइनोमध्ये हार्डवेअर फोल्डरमध्ये बोर्डांची यादी आणि पिनांचा व्हेरिएंट द्यावा. ही फाइल प्रकल्पासोबतच व्हर्जन कंट्रोलमध्ये असावी, कोणाच्या संगणकावरच्या इन्स्टॉलेशनमध्ये केलेला बदल पुढच्या अपडेटला नाहीसा होतो. एटीमेगा ३२८पी या एव्हीआर चिपऐवजी ३२८पीबी आली, तर सिग्नेचरचा (चिपच्या ओळखक्रमांकाचा) तिसरा बाइट ०एफ ऐवजी हेक्साडेसिमल १६ येतो आणि एव्हीआरड्यूड हे एव्हीआरचे लोडर सॉफ्टवेअर थांबते. तपासणी जबरदस्तीने वगळणारा पर्याय टेबलावर वापरला तर चालेल, उत्पादनाच्या ओळीवर मात्र कॉन्फिगरेशनमध्ये योग्य नोंदच करावी, नाहीतर चुकीची चिप बसलेला बोर्डही त्याच दाराने बाहेर पडतो.

नोकरीच्या मुलाखतीसाठी हे शिकायचे असेल, तर महाग बोर्ड लागत नाही. एफ१०३चा साधा निळा बोर्ड आणि एसटी-लिंक हे डिबगर उपकरण घ्यावे, एन्व्हायर्नमेंट बाजूला ठेवून स्वतःची लिंकर स्क्रिप्ट व स्टार्टअप लिहावे आणि मेकफाइलने (बांधणीच्या आज्ञांच्या फाइलीने) पीसी१३ या पिनवरचा एलईडी लुकलुकता करावा. तो एलईडी पिन शून्य केल्यावर लागतो, हे आधीच लक्षात ठेवावे. आमच्याकडे येणाऱ्या उमेदवाराला आम्ही त्याचीच मॅप फाइल समोर ठेवून एखादा चल कोणत्या पत्त्यावर आहे आणि तो तिथे का आहे, हे विचारतो.