कॅनडाच्या युनिव्हर्सिटीचा इतिहास कसा वाचायचा (एसओपी लिहायच्या आधी)

भाचा परवा एसओपी (म्हणजे प्रवेशाच्या अर्जाला जोडायचं, मला इथंच का शिकायचंय ते सांगणारं पत्र) घेऊन आला, मामा जरा नजर टाका म्हणाला, आणि मी दुसऱ्याच ओळीला अडकलो. १९०८ साली स्थापन झालेल्या आपल्या थोर विद्यापीठाचा वैभवशाली इतिहास मला प्रेरणा देतो, असं काहीतरी. युनिव्हर्सिटी होती व्हँकुव्हरची यूबीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबिया. म्हटलं लेका, १९०८ ला तिथं वर्ग नव्हता, मास्तर नव्हता, एक पोरगं नव्हतं, होता तो फक्त कायद्याचा कागद. तर म्हणतो कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कन्सल्टन्सीवाल्यानं सगळ्यांना हेच दिलंय, फक्त नाव आणि साल बदलायचं. (मग पैसे कशाचे घेतात कुणास ठाऊक.)

मग दोन संध्याकाळी बसून त्याला जे सांगितलं तेच इथं टाकतोय, कुणाच्या तरी उपयोगाला येईल.

पहिलं काम, एका सालावर थांबायचं नाही, तीन सालं शोधायची. कागद कधी झाला, पहिला वर्ग कधी भरला आणि स्वतःची जागा कधी मिळाली. यूबीसीचं बघा, कायदा १९०८, वर्ग १९१५, आणि पॉइंट ग्रेच्या आताच्या कॅम्पसवर गेले १९२५ ला. त्याच्याही आधी १९०६ पासून व्हँकुव्हरात मॉन्ट्रियलच्या मॅकगिलचं कॉलेज चालायचं, म्हणजे शिवाजी विद्यापीठ व्हायच्या आधी आपल्याकडची कॉलेजं पुण्याला जोडलेली होती ना, तसाच प्रकार. मॅकमास्टर आज हॅमिल्टनची म्हणून ओळखतात पण १८८७ ला निघाली टोरांटोत, हॅमिल्टनला आली १९३० ला. आणि तो कायदा कुणी केला हे पण बघायचं, कारण कॅनडात शिक्षण हा प्रांताचा विषय आहे, दिल्लीसारखं केंद्राचं शिक्षण मंत्रालय तिथं नाहीच, त्यामुळं युनिव्हर्सिटीची बरीचशी सुखदुःखं त्या त्या प्रांत सरकारच्या तिजोरीवर.

दुसरं, आणि मला विचाराल तर खरी मजा इथंच आहे, अडकलेली वर्षं शोधा. वेबसाइटवरच्या इतिहासात सगळं कसं गुळगुळीत असतंय, अमुक साली स्थापना, तमुक साली विस्तार, पण मधली दहा वर्षं काय चाललेलं? यूबीसीत पॉइंट ग्रेला सायन्स बिल्डिंगचं काम १९१४ ला सुरू झालं, तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं, पैसा आटला, आणि इमारतीचा नुसता सांगाडा वर्षानुवर्षं उभा राहिला. पोरं तिकडं फेअरव्ह्यूला, गावातल्या हॉस्पिटलशेजारी, लाकडी शेडमध्ये शिकत होती. ३७९ पोरांवर सुरू झालेल्या कॉलेजात हजारच्या वर पोरं झाली आणि जागा तेवढीच. शेवटी पोरांनीच मनावर घेतलं, १९२२ ला दारोदार फिरून ५६,००० च्या आसपास सह्या गोळा केल्या आणि २८ ऑक्टोबरला बॅनर घेऊन मोर्चा काढला, पॉइंट ग्रेला जाऊन त्या सांगाड्यावर मजल्यामजल्यावर चढून बसली. येताना प्रत्येकानं एकेक दगड आणून त्याचा ढीग रचला, त्याचं पुढं स्मारक झालं, ते अजून कॅम्पसवर आहे. सरकारनं १५ लाख डॉलर मंजूर केले. ह्याला तिथं ग्रेट ट्रेक म्हणतात. आता ह्यापुढं तो वैभवशाली इतिहास किती फिका वाटतो बघा.

तिसरं, पोरांचा आकडा कधी एकदम उडाला ते बघा, आणि का. यूबीसीत दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक शिकायला परत आले तेव्हा दोनतीन वर्षांत तीन हजारांचे नऊ हजार झाले, आणि वर्ग कुठून आणायचे म्हणून लष्कराच्या कॅम्पातल्या बराकी उचलून कॅम्पसवर आणल्या. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीचं कारण वेगळं. १९५७ च्या जुलैत ७४ इंजिनिअरिंगची पोरं, काही महिने वर्ग आणि काही महिने कारखान्यात नोकरी, हीच ती को-ऑप पद्धत, तेव्हा बऱ्याच प्राध्यापकांना हे पटत नव्हतं. १९५९ ला युनिव्हर्सिटीचा कायदा, १९६७ ला गणिताची स्वतंत्र फॅकल्टी, आज पोरं चाळीस हजारांच्या वर. वॉटर्लूला अप्लाय करताना को-ऑप आवडतो एवढंच लिहून भागत नाही, सगळेच लिहितात, तो तिथं पहिल्या दिवसापासून आहे हे माहीत असलं की वाक्य आपोआप वेगळं येतं.

नाव बदललं असेल तर ते सोडू नका. टोरांटो मेट्रोपॉलिटन १९४८ ला रायरसन इन्स्टिट्यूट होती, १९९३ ला युनिव्हर्सिटी झाली, आणि २०२२ ला नाव बदललं, कारण एगर्टन रायरसनचा संबंध आदिवासी मुलांच्या निवासी शाळांच्या व्यवस्थेशी होता. जुन्या पदव्या, जुने लेख जुन्याच नावानं सापडतात, त्यामुळं शोधताना दोन्ही नावं टाका. जमिनीचंही तसंच, पॉइंट ग्रेची जमीन तिथल्या मूळच्या मस्कीम आदिवासी लोकांची, हे युनिव्हर्सिटी आता स्वतःच सांगते.

हे सगळं कुठं मिळतं? अबाउट पेजवर कमी. लायब्ररीच्या साइटवर आर्काइव्हज, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा साठा असतंय, तिथं जुनी कॅलेंडरं उघडा. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय नव्हे हां, तिकडं दरवर्षीच्या माहितीपुस्तकाला कॅलेंडर म्हणतात, त्यात फी, विषय, प्राध्यापक सगळं. आणि पोरांचं वर्तमानपत्र. यूबीसीचं उबिसी १९१८ पासून निघतंय, जुने अंक स्कॅन करून ठेवलेत, ग्रेट ट्रेकच्या दिवसांतले अंक भाचा रात्री दीडपर्यंत वाचत बसलेला, ताईनं मलाच शिव्या घातल्या.

आता लिहायचं कसं. ह्यातलं नव्वद टक्के एसओपीत टाकायचं नाही. ५६,००० सह्या झाल्या हे त्यांना तुमच्याकडून कळायला नकोय. दोन, फार तर तीन ओळी, आणि त्या तुमच्या गोष्टीला चिकटल्या पाहिजेत. भाच्याच्या कॉलेजात दोन वर्षं सर्व्हेचं प्रॅक्टिकल पत्र्याच्या शेडमध्ये होतं, पावसात आवाज एवढा की सर फळ्यावर लिहून दाखवायचे, आणि थिओडोलाइट (जमीन मोजताना कोन बघायचं यंत्र) एकच, त्याचा एक स्क्रू दोऱ्यानं बांधलेला. म्हटलं हे लिही, आणि पुढं एका ओळीत फेअरव्ह्यूच्या शेडचं. तो म्हणाला मामा हे गरिबीचं रडगाणं वाटंल. वाटत नाही, फक्त दोऱ्याचा स्क्रू ठेव आणि 'प्रतिकूल परिस्थितीत' हे शब्द काढ.

काल कन्सल्टन्सीतनं फोन आलेला, तुमच्या ड्राफ्टमध्ये स्थापनेचं साल राहिलंय म्हणून. भाच्यानं विचारलं, कुठलं टाकू, तीन आहेत.