ताईच्या लग्नाची कॅसेट नव्हे, एमटीएस फाइल

ताईचं लग्न २०११चं. कॅमकॉर्डरच्या कार्डावरची एमटीएस, म्हणजे त्याची व्हिडिओ फाइल, व्हिडिओ एडिटरमध्ये टाकली, तर चित्र दिसतंय आणि सनई गायब! फाइल बिघडलेली नसते. एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरचा एचडी रेकॉर्डिंगचा एक प्रकार) कॅमेरे चित्र एच.२६४ या पद्धतीने आणि आवाज बहुधा एसी-३ या पद्धतीने दाबून साठवतात. तो आवाज काही एडिटरना वाचताच येत नाही.

आधी कार्डावरचं सगळं जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवा. नुसत्या एमटीएस फाइली उचलू नका, अख्खं फोल्डर घ्या. कार्ड मात्र इतक्यात पुसायचं नाही हं.

मग व्हिडिओचं रूपांतर करणारं फुकटातलं सॉफ्टवेअर हँडब्रेक उघडा. फॉरमॅट एमपी४, आवाजाचा प्रकार एएसी, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) मूळ फाइलइतकाच पण ‘कॉन्स्टंट’, म्हणजे स्थिर. नाहीतर पुढे ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आता खरी गोम. अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडा मला कंगव्याच्या दातांसारख्या दिसत होत्या. हे इंटरलेसिंग: एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक येतात. फिल्टरमध्ये डीइंटरलेस लावा. त्यातला ‘बॉब’ (दोन्ही क्षणांची वेगळी फ्रेम करणारा) पर्याय निवडलात तर सेकंदाला २५ऐवजी ५० फ्रेम ठेवा, हालचाल मऊ दिसते.

अख्खं लग्न लगेच रूपांतराला लावू नका. मी आधी मंगलाष्टकांचा एक मिनिट करून पाहिला, सनई ऐकू आली, मग रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला.