गळतीनंतरची बुरशी: आधी पाणी थांबवा, रंग सगळ्यात शेवटी

वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपतं, बेडरूमच्या भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात आणि त्यावर काळे-हिरवे ठिपके दिसायला लागतात. अशा वेळी बहुतेक जण आधी रंगाऱ्याला बोलावतात आणि काम तिथेच फसतं. ओल्या गिलाव्यावर पुट्टी टिकत नाही. ती फुगते, सुटते आणि बुरशी पुन्हा वर येते.

म्हणून आधी पाण्याचा माग काढा. वरच्यांनी नळ वापरला नाही तरी ओल वाढत असेल, तर भिंतीतली पाइपलाइन फुटलेली असण्याची शक्यता जास्त. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं तोंड) किंवा फरशीचे सांधे तपासायचे. त्यासाठी ट्रॅपचं तोंड घट्ट बुजवा, बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवा, त्यात खाण्याचा रंग मिसळा आणि 24 तास थांबा. खाली रंग दिसला किंवा ओल पसरली, तर दोष फरशीत आहे. काहीच झालं नाही, तर ट्रॅप मोकळा करून बादलीभर पाणी ओता आणि खाली पुन्हा बघा; आता ओल आली तर दोष ट्रॅपकडे आहे. स्लॅब रंग गाळून टाकतो, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नका. चाचणीआधीच ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे ती पसरली का ते कळेल.

भिंतीवर पांढरी भुकटी असेल तर त्यावर पाणी फवारा. विरघळली तर तो क्षार, बुरशी नव्हे.

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंत असेल, तर घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल किंवा घाणीचं पाणी झिरपलं असेल, तर जाणकार माणूस बोलवा. दम्याचा रुग्ण, लहान मुलं, गरोदर बाई यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. ओल स्विचबोर्डाजवळ असेल तर त्या भागाचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) पाडा. एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि गॉगल घाला. दार बंद, खिडकी उघडी आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर बुरशीचे कण घरभर उडतील.

डाग कोरडा खरवडू नका. आधी साबणाचं पाणी फवारून तो ओला करा, मग पत्र्याने रंग आणि पुट्टी डागाच्या पलीकडे फूटभर खरवडा, थेट सिमेंटच्या गिलाव्यापर्यंत. पीओपी किंवा जिप्सम भिजून मऊ पडलं असेल तर तेवढा भाग कापूनच काढा, कारण बुरशी त्याच्या आत शिरलेली असते. कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर न्या. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर डिटर्जंट घालून नायलॉनच्या ब्रशने घासा आणि ओल्या फडक्याने पुसा.

ब्लीचबद्दल मोठा गैरसमज आहे. ते टाइल्सवर चालतं: लिटरभर पाण्यात 60 मिली, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. गिलाव्यासारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर मात्र डागाचा रंग उडतो आणि आतली बुरशी बऱ्याचदा शिल्लक राहते. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनियाचं द्रव कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

आता वाळवणं. इथे घाई नडते. भिंत हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते. पंखा आता सुरू करा, हवा भिंतीवर येऊ द्या. दोन-तीन आठवड्यांनी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर अजून थांबा. पावसाळ्यात हे लांबतं. रंगाचं काम दसऱ्या-दिवाळीपर्यंत ढकललं तरी चालेल. मग पांढऱ्या सिमेंटची पुट्टी (ओलीच्या भिंतीला पीओपी नको), त्यावर प्रायमर आणि शेवटी बुरशीरोधक इमल्शन रंग.

भिजलेल्या गाद्या-उशा 24 ते 48 तासांत वाळल्या नाहीत आणि त्यांना कुबट वास धरला, तर टाकून द्या. उन्हाने वास कमी होतो, आतली बुरशी उरते. प्लायवूडच्या कपाटाची मागची फळी काळी पडली असेल, तर ती बदला आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवून ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल.